वाचकांचा कौल

आपल्या पेडणे महालात ‘कौल’ या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. देवळात मूर्तीच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवितात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची, यावरून देवाची संमती किंवा नकार जाणून घेतात. मी ख्रिस्ती; माझ्या घरी ही रीत नाही. तथापि हरमलात राहून शेजारधर्माने हा विधी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी दोन गोष्टी माझ्या मनात भरल्या आहेत. गाऱ्हाणे घालणारा एका वेळी एकच प्रश्न विचारतो. आणि पाकळ्या लावल्यानंतर तो हात मागे घेतो. प्रश्न एक असावा आणि विचारणाराचा हात मागे असावा, या दोन नियमांवाचून कोणत्याही कौलाला किंमत नाही.

आज या शब्दाची आठवण होण्याचे कारण मात्र निराळे आहे. मराठी कथा आता मासिकाच्या पानांबरोबरच मोबाईलच्या काचेवरही वाचली जाते. २०१४ साली बंगळुरात सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतील लेखक आपल्या कथा स्वतःच प्रसिद्ध करतात. दाराशी संपादक बसलेला नसतो. टपालाने परत आलेले हस्तलिखित हाती पडण्याचे दुःख नसते. मग हजारो कथांतून चांगली कोणती, हे ठरवायचे कोणी? वाचकाने. कथा वाचून झाली की तो पाचांपैकी काही तारे देतो, त्या ताऱ्यांची सरासरी निघते आणि कथेच्या माथ्यावर झळकते. पुढचा वाचक ती सरासरी पाहूनच कथा उघडतो किंवा पुढे जातो. तेव्हा हा तारा म्हणजे केवळ शाबासकी नव्हे. कोणाचे लिखाण वाचले जाईल आणि कोणाचे न वाचताच बुडेल, याचा तो निवाडा आहे. हा निवाडा न्याय्य कसा करावा, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. वस्तुतः तो फार जुना आहे. माणसांची मते एकत्र करून त्यांतून एक खरे मत कसे काढावे, यावर थोरामोठ्यांनी कित्येक शतके विचार केलेला आहे. त्या इतिहासाचा थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

प्रारंभ आपल्या मराठीपासूनच करू. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर त्या पैशाचा काही भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला, आणि पुढे त्यातूनच मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. नव्या मराठी गद्याला या बक्षिसांनी पुष्कळ आधार दिला, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु याच कमिटीपुढे १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक ठेवले, आणि कमिटीने ते नाकारले. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी कसा नाडतो आणि विद्येमुळे त्यांचे डोळे कसे उघडतात, हे त्या नाटकाचे कथानक. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे इतरांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे. ते नाटक छापील रूपात वाचकांपुढे यावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आज आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारास त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

यावरून परीक्षक नकोतच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कमिटीतील माणसे विद्वान होती. उणीव होती ती ही की, ज्या समाजाचे चित्र त्या नाटकात होते, त्याचा एकही माणूस निवाड्याच्या आसनावर नव्हता. परीक्षक थोडे आणि एकाच आळीतले असले की त्यांची चूकही एकाच बाजूची होते. निरनिराळ्या बाजूंच्या चुका परस्परांस खोडून काढतात. एकाच बाजूच्या चुका एकमेकींस बळकट करतात.

थोड्या परीक्षकांचा आणखी एक दोष आहे, आणि त्याचा अनुभव मला माझ्याच हातून आलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत विद्यार्थ्यांच्या कथालेखनाच्या स्पर्धेसाठी आम्ही दोघे शिक्षक परीक्षक होतो. प्रत्येकाने शंभरांपैकी गुण द्यावयाचे आणि बेरीज करून क्रमांक लावावयाचे, असे ठरले. याहून सरळ व्यवहार तो कोणता? आमच्या इथल्या एका रापणकाराच्या मुलीने रापणीवर कथा लिहिली होती. समुद्रात जाळे टाकून होडी परतते आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढावयास माणसे कमी पडतात, एवढाच विषय. मला ती कथा सर्वांत सरस वाटली आणि मी तिला सर्वाधिक गुण दिले. निकाल लागला तेव्हा अखेरच्या तीन कथांत ती शेवटची होती.

गणित पाहा. त्या तीन कथांना मी अनुक्रमे ६२, ६० आणि ५८ गुण दिले होते. माझे सहपरीक्षक मोकळ्या हाताचे. त्यांनी त्याच कथांना ४०, ५५ आणि ७५ दिले. बेरीज झाली १०२, ११५ आणि १३३. म्हणजे जो क्रम त्यांनी लावला तोच अंतिम ठरला; माझ्या मताचा त्यावर कसलाही परिणाम झाला नाही. का? तर माझ्या गुणांतील सर्वांत मोठे अंतर चार, आणि त्यांच्या गुणांतील पस्तीस. आम्ही दोघे समान अधिकाराचे परीक्षक आहोत असे कागदावर होते. बेरजेत मात्र मी जवळजवळ नव्हतोच. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, माझाही हेतू वाईट नव्हता. दोष त्या बेरजेचा होता, आणि ती बेरीज न तपासता मी सही केली होती.

परीक्षेच्या गुणांत योगायोगाचा केवढा वाटा असतो, हे एजवर्थ या ब्रिटिश विद्वानाने १८८८ साली संख्याशास्त्राच्या आधारे दाखवून दिले होते. आणि आमच्या अडचणीवरचा एक उपाय तर त्याच्याही शंभर वर्षे आधी सुचविला गेला होता. फ्रान्सच्या आरमारातील अधिकारी आणि गणिती बोर्दा याने १७७० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक योजना मांडली. प्रत्येक मतदाराने उमेदवारांस नुसता क्रम द्यावा. शेवटच्यास एक, त्याच्या वरच्यास दोन, असे अंक चढत जावेत आणि मग बेरीज करावी. ही रीत आमच्या तीन कथांना लावली तर माझे अंक ३, २, १ होतात आणि सहपरीक्षकांचे १, २, ३. प्रत्येक कथेला सारखेच चार. अर्थात दोन परीक्षकांचे मत अगदी उलट आहे, निर्णय झालेला नाही, पुन्हा वाचून चर्चा केली पाहिजे, हे सत्य त्या बेरजेने उघड केले असते. शंभर गुणांच्या बेरजेने ते झाकून टाकले.

कथास्थळावरील ताऱ्यांचेही असेच आहे. एक वाचक आवडलेल्या प्रत्येक कथेला पाच तारे देतो. दुसरा चोखंदळ, त्याच्या लेखी तीन तारे म्हणजे मोठी पावती. दोघांच्या ताऱ्यांची नुसती सरासरी काढणे म्हणजे पायली आणि शेर एकाच मापात ओतण्यासारखे आहे. ज्याचा त्याचा तारा ज्याच्या त्याच्या नेहमीच्या मापाने तोलला पाहिजे. या वाचकाने आजवर दिलेल्या सरासरीहून ही कथा किती वर किंवा खाली, हा विचार करावयास हवा. मात्र बोर्दाच्या योजनेवर एक आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला. आपल्या उमेदवाराच्या खऱ्या प्रतिस्पर्ध्याला कोणी मुद्दाम तळाशी ढकलले तर? त्यावर, आपली योजना प्रामाणिक माणसांसाठीच आहे, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. उत्तर सज्जनाचे होते, पण व्यवहाराचे नव्हते. अप्रामाणिक माणसे येणारच, हे गृहीत धरूनच नियम करावे लागतात.

आता थोड्या परीक्षकांकडून पुष्कळांकडे वळू. सामान्य माणसांचा जमाव एकत्रितपणे किती शहाणा असू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडातील आहे. १९०६ साली प्लिमथ येथे जनावरांच्या प्रदर्शनात एका लठ्ठ बैलाचे, तो कापून साफ केल्यावर भरणारे वजन ओळखण्याची पैज लागली. सहा पेन्सांचे तिकीट घ्यावे, त्यावर आपला अंदाज लिहावा. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने ती तिकिटे पुढे मागवून घेतली आणि वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटे चढत्या क्रमाने लावली. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याने सांगितले की, बरोबर मधला अंदाज १२०७ पौंडांचा होता आणि खरे वजन भरले ११९८ पौंड. शेकडा एक इतकीही चूक नाही! गॉल्टन स्वतः सामान्य जनांच्या बुद्धीविषयी फारसा आदर बाळगणारा नव्हता. पण आकडे पाहून लोकमतावर वाटतो त्याहून अधिक विश्वास टाकता येईल, असे त्याला कबूल करावे लागले.

हे उदाहरण सांगून पुष्कळ लोक थांबतात. परंतु तो जमाव शहाणा का ठरला, हे पाहिले पाहिजे. प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे तिकिटावर लिहिला. शेजाऱ्याच्या आकड्यांची बेरीज फळ्यावर टांगलेली नव्हती. सहा पेन्स मोजावे लागत असल्याने थट्टेखातर लिहिणारे दूर राहिले. बक्षिसाच्या आशेने प्रत्येकाने डोळे उघडे ठेवून बैल पाहिला. आणि गॉल्टनने सरासरीऐवजी मधला आकडा घेतला. त्यामुळे एखाद्याने वेडगळ आकडा लिहिला तरी निकाल हलला नसता. स्वतंत्र मत, थोडी झीज, प्रत्यक्ष निरीक्षण आणि मधले माप, या चार खांबांवर तो शहाणपणा उभा होता. त्यांतला पहिला खांब काढला तर काय होते?

त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील दोन प्रयोगांनी दिले आहे. २००६ साली अमेरिकेत सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी अप्रसिद्ध वाद्यवृंदांची ४८ गाणी संकेतस्थळावर ठेवली. चौदा हजारांहून अधिक श्रोते आले. काहींना नुसती गाणी दिसली. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले आणि आपल्या गटात कोणते गाणे कितीजणांनी उतरवून घेतले, तो आकडा त्यांना दाखविला. गाणी तीच, श्रोते तशाच प्रकारचे. पण आठ गटांत आठ निरनिराळे निकाल लागले. अगदी उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही, अगदी वाईट सहसा वर चढले नाही. परंतु मधल्या सर्वांचे नशीब, प्रथम कोणाच्या हाताला ते लागले यावर अवलंबून राहिले. दुसरा प्रयोग २०१३ सालचा. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील लाखभर अभिप्रायांपैकी काहींना संशोधकांनी कसलाही विचार न करता आरंभीच एक अनुकूल मत देऊन टाकले. त्या एका फुकटच्या मताने त्या अभिप्रायांची अखेरची गुणसंख्या सरासरीने शेकडा पंचवीस वाढली. उलट, मुद्दाम दिलेले प्रतिकूल मत मात्र वाचकांनी पुढे भरून काढले. म्हणजे माणसे निंदेची शहानिशा करतात, स्तुतीच्या मागे मात्र डोळे मिटून जातात.

आपल्याला याचे नवल वाटू नये. सकाळी किनाऱ्यावर मासळीच्या ज्या टोपलीभोवती गर्दी, तिकडेच येणारे गिऱ्हाईक वळते. शेजारच्या टोपलीतले बांगडे अधिक ताजे असले तरी. तात्पर्य, वाचकाने स्वतःचा तारा देईपर्यंत इतरांचे तारे त्याच्यापासून झाकून ठेवावेत. हा नियम लहान दिसतो. पण गॉल्टनच्या बैलाचा पहिला खांब हाच आहे.

यापुढे प्रश्न येतो संख्येचा. एका कथेला एकाच वाचकाने पाच तारे दिले. तो बहुधा लेखकाचा मेहुणा असावा. दुसऱ्या कथेला दोनशे वाचकांनी सरासरी ४.६ तारे दिले. नुसत्या सरासरीने पहिली कथा वर बसते! थोड्या पुराव्यावर किती विश्वास टाकावा, हा प्रश्न फ्रेंच गणिती लाप्लास याने अठराव्या शतकात सोडविला. एखादी गोष्ट जितक्या वेळा पाहिली त्यांत एक अनुकूल आणि एक प्रतिकूल अशी दोन कल्पित उदाहरणे मिळवावीत आणि मग प्रमाण काढावे, असा त्याच्या नियमाचा सोपा अर्थ. तीनपैकी तिन्ही वाचकांना कथा आवडली तर प्रमाण शंभर टक्के न धरता पाचांत चार, म्हणजे ८० टक्के धरावे. शंभरांपैकी नव्वदांना आवडली तर १०२ मध्ये ९१, म्हणजे सुमारे ८९ टक्के. दुसरी कथा आपोआप वर गेली.

ताऱ्यांनाही ही युक्ती लागू पडते. समजा, त्या स्थळावरील सर्व कथांची सरासरी चार तारे आहे. प्रत्येक नव्या कथेच्या खाती दहा तटस्थ वाचकांचे चार-चार तारे आधीच जमा आहेत असे धरले, तर मेहुण्याच्या पाच ताऱ्यांनी ती कथा ४.०९ वर जाईल, आणि दोनशे वाचकांची कथा ४.५७ वर राहील. जसजसे खरे वाचक वाढतील तसतसे त्या कल्पित दहांचे वजन नाहीसे होईल. चित्रपटांची क्रमवारी लावणारी काही मोठी स्थळे याच जातीचे गणित वापरतात. १९२७ साली विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने याहून सूक्ष्म सूत्र दिले; उपलब्ध मतांवरून खरे प्रमाण निदान किती असावे, ती खालची मर्यादा त्याने काढता येते. पाचांपैकी पाचांना आवडलेल्या कथेची ती मर्यादा सुमारे ५७ टक्के येते, शंभरांपैकी नव्वदांना आवडलेल्या कथेची सुमारे ८३.

परंतु येथे नव्या लेखकाच्या बाजूने एक शब्द बोललाच पाहिजे. ज्याच्या कथेला अजून वाचकच मिळाले नाहीत, तो या गणिताने खाली राहणार, आणि खाली राहिल्यामुळेच त्याला वाचक मिळणार नाहीत. हे चक्र कसे तोडावे? त्याला आपल्याच देशातील एक जुना दाखला आहे. तमिळ देशातील उत्तरमेरूर येथील चोळ राजा परांतक याच्या काळातील, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिलालेखांत ग्रामसभेच्या समित्यांची निवड कशी करावी ते कोरलेले आहे. पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घागरीत टाकावीत आणि एका लहान मुलाकडून त्यांतले एक उचलून घ्यावे. मात्र ज्याने पूर्वीच्या कामाचा हिशेब दिला नाही, त्याचे नाव घागरीत पडता कामा नये. चिठ्ठीला नातेगोते कळत नाही, हा तिचा गुण. प्रत्येक नवी कथा आरंभी चिठ्ठीने निवडलेल्या वीस-पंचवीस नियमित वाचकांपुढे ठेवावी, त्यांनी ती पुरी वाचून मत द्यावे. मग मेहुण्यांची गरज राहत नाही, आणि ज्याला मेहुणाच नाही अशा लेखकालाही न्याय मिळतो.

स्वतःच्या कथेला स्वतःच तारे देण्याचा मोहही जुनाच आहे. आम्हा कॅथलिकांच्या धर्मसंस्थेने या मोहाचा विचार फार पूर्वी केला. पोप निवडण्यास दोन-तृतीयांश मते हवीत, हा नियम ११७९ साली तिसऱ्या लॅटरन परिषदेत पोप तिसरे अलेक्झांडर यांनी घालून दिला. कारण त्यांच्या स्वतःच्या निवडणुकीतच मते फुटून दोन पोप उभे राहिले होते आणि तो तंटा अठरा वर्षे चालला होता. पुढे १६२१ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी मतदान गुप्त आणि लेखी केले, आणि कोणाही कार्डिनलाने स्वतःला मत देऊ नये असे फर्मावले. जे लोक देवाला स्मरून मत देतात, त्यांच्याविषयीदेखील ही खबरदारी घेणे धर्मसंस्थेस आवश्यक वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नियम करणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखविणे नव्हे. मोहाच्या वेळी त्याला आधार देणे होय.

आता मी आपल्या गोव्याच्या इतिहासातील अशा प्रसंगाकडे येतो की, ज्याने प्रश्न एकच का असावा, हे सर्वांत स्पष्टपणे शिकविले. मुक्तीनंतर १९६३ साली झालेल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारावर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, हा त्या पक्षाचा ध्वज. पक्षाला मत म्हणजे विलीनीकरणाला मत, असे एक बाजू म्हणे. लोकांनी कुळांच्या आणि बहुजनांच्या प्रश्नांसाठी मते दिली, विलीनीकरणाचा निर्णय त्यांनी दिलेला नाही, असे दुसरी बाजू म्हणे. एका मतात दोन प्रश्न गुंतले होते. ते सोडविण्यासाठी १९६६ च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी केवळ त्या एका प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. हात मागे घेणे म्हणतात ते हेच.

दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. आमच्या पेडण्याचा कल फुलाकडे होता, सासष्टीचा पानांकडे. त्या दिवसांच्या आठवणी दोन्ही बाजूंच्या घरांतून अजून सांगितल्या जातात आणि त्या सर्वच गोड नाहीत. पण पुढे काय झाले ते पाहा. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी तीसपैकी सोळा जागा देऊन बांदोडकरांच्या पक्षाला पुन्हा अधिकारावर बसविले! मतदार चंचल होते काय? मुळीच नाही. त्यांना दोन प्रश्न विचारले गेले, त्यांनी दोन उत्तरे दिली. पहिल्या पद्धतीत ही दोन उत्तरे एकाच मतपत्रिकेत कोंडली गेली होती. शिवाय, जे पर्याय पुढे ठेवले जातात त्यांतूनच लोक निवडू शकतात, हेही तेव्हा दिसले. स्वतंत्र राज्य हा पर्याय त्या मतपत्रिकेवर नव्हता. ते राज्य ३० मे १९८७ रोजी मिळाले.

कथेच्या ताऱ्यातही असेच प्रश्न गुंतलेले असतात. कथा रंजक आहे काय? भाषा शुद्ध आहे काय? लेखक आपल्या मताचा, आपल्या जातीचा, आपल्या गावचा आहे काय? एकच तारा या सर्वांचे उत्तर एकदम देऊ पाहतो आणि कोणत्याच प्रश्नाचे धड उत्तर देत नाही. त्यापेक्षा दोन-तीन साधे प्रश्न वेगवेगळे विचारावेत. कथा तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत काय? ही कथा तुम्ही दुसऱ्या कोणाला वाचावयास सांगाल काय? या लेखकाची पुढची कथा वाचाल काय? उत्तर होय किंवा नाही. देवळातला कौलही याहून अधिक विचारीत नाही.

साहित्याच्या क्षेत्रात मतदानाची कथा मराठीला नवी नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दीर्घकाळ मर्यादित मतदारांच्या निवडणुकीने दिले जात असे. आमच्या मडगावी १९६४ साली भरलेल्या संमेलनाला कुसुमाग्रज अध्यक्ष लाभले, हे त्या परंपरेचे भूषण. पण मते मागत फिरणे नको म्हणून विंदा करंदीकरांसारखे कवी त्या आसनापासून दूरच राहिले. २०१८ साली निवडणुकीची रीत सोडून सन्मानाने निवड करण्याचे ठरले. अरुणा ढेरे आणि त्यांच्यामागून २०२० च्या उस्मानाबाद संमेलनासाठी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठीचे हे आसन मिळाले, याचा मला झालेला आनंद मी लपवीत नाही. त्या निवडीला काहींनी विरोधही केला. निवडणूक झाली असती तर ते निवडून आले असते काय, हे कोणी सांगू शकणार नाही. मात्र निवड करणारे थोडे असले की पुन्हा आपण दक्षिणा कमिटीच्या दाराशी येऊन उभे राहतो, हेही विसरता येत नाही. आज त्यांचा निर्णय आपल्याला रुचला, उद्या रुचणार नाही. म्हणून थोड्या जाणत्यांचा निवाडा आणि पुष्कळ वाचकांचा कौल, दोन्ही वेगवेगळे दाखवावेत. एकात दुसरा मिसळू नये. ज्या कथेवर दोघांचे मत उलट पडेल, ती कथा मुद्दाम पुन्हा वाचावी. कोण जाणे, ‘तृतीय रत्न’ तिथेच सापडेल.

मी सांगितलेले हे सारे नियम पाळूनही पूर्ण न्याय होईल, असा माझा दावा नाही. बोर्दाचा समकालीन काँदोर्से याने १७८५ साली दाखवून दिले की, प्रत्येक मतदार सुसंगत असूनही बहुमत विसंगत असू शकते. लोक पहिलीपेक्षा दुसरी, दुसरीपेक्षा तिसरी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली पसंत करतात, असे चक्र पडू शकते. तेव्हा एक, दोन, तीन असा कडक क्रम लावण्याचा हट्टच थोडा सैल करावा. दहा चांगल्या कथा निवडाव्यात. त्यांत पहिली कोणती, हे वाचकाने ठरवावे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली होती. बक्षीस न मिळाल्याची तक्रार तिने केली नाही. “सर, माझी गोष्ट वाईट होती काय?” एवढेच तिने विचारले. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. गुणांचा कागद पुन्हा काढून ते अंतर मी मोजले ते त्या रात्री. आणि नंतर तिला बोलावून, “चूक तुझ्या गोष्टीत नव्हती, आमच्या बेरजेत होती,” असे सांगितले. क्रमांक बदलला नाही. पण पुढच्या वर्षी तिने पुन्हा कथा लिहिली, आणि त्या वर्षी आम्ही गुणांऐवजी क्रम लावले.

कथास्थळ चालविणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, मत मोजण्याची रीत सर्वांना दिसेल अशी उघड लिहून ठेवा. पहिल्या क्रमांकाचा लेखक ती कधी विचारणार नाही. शेवटच्या क्रमांकाचा विचारील, आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे.